शालिवाहनाचे मातीचे सैन्य : आपल्या घाटवाटांवरील मृण्मूर्तींची कथा

संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत मंदिराच्या पायाभरणीचा, प्रतिष्ठेचा आणि जीर्णोद्धाराचा इतिहास यावा हे स्वाभाविकच आहे. तो इतिहास दगडात आणि संगमरवरात उभा असतो. त्याच्यावर तिथी-मिती कोरलेली असते. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र अशा वस्तूचा आहे, जिच्यावर कोणी कधी तिथी कोरत नाही. ती वस्तू म्हणजे मातीची मूर्ती. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांतील घाटवाटांशी, मराठी माणसाच्या कालगणनेशी आणि जैन ग्रंथकारांच्या लेखणीशी या मूर्तीचा फार जुना संबंध आहे. त्या संबंधाचा येथे थोडक्यात मागोवा घ्यावयाचा आहे.

दोन तालुके, दोन घाट

प्राचीन काळी सोपारा आणि कल्याण ही पश्चिम किनाऱ्यावरील मोठी बंदरे होती. तेथे उतरलेला माल देशावर न्यायचा तर सह्याद्री ओलांडणे भाग असे. त्यासाठीच्या प्रमुख वाटांपैकी दोन आपल्याच परिसरातून जातात. एक शहापूर तालुक्यातील कसाऱ्यावरून चढणारा थळघाट. तो नाशिककडे नेतो. दुसरा मुरबाड तालुक्यातील वैशाखरे गावाजवळून चढणारा नाणेघाट; तो जुन्नरला पोहोचवतो. पुढे या वाटा गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानला, म्हणजे आजच्या पैठणला, आणि तेथून तगर म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर या नगराला जाऊन मिळत. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात कल्याण, पैठण आणि तगर या तिन्ही नगरांचा उल्लेख आहे. या सर्व प्रदेशावर त्या काळी सातवाहन राजांची सत्ता होती.

सातवाहन म्हटले की मराठी माणसाला प्रथम आठवतो तो शालिवाहन राजा, आणि शालिवाहन म्हटले की आठवते त्याचे मातीचे सैन्य. गुढीपाडव्याला ही कथा घराघरांत सांगितली जाते. कुंभाराच्या घरी वाढलेल्या एका मुलाने मातीचे हत्ती, घोडे आणि शिपाई बनवले, त्यांच्यात प्राण फुंकले आणि त्या सैन्याच्या बळावर बलाढ्य शत्रूचा पराभव केला, असे तिचे सर्वपरिचित रूप आहे. या कथेचे एक जुने आणि सविस्तर लिखित रूप आपल्याला एका जैन आचार्यांच्या ग्रंथात मिळते, ही गोष्ट मात्र आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल.

‘विविधतीर्थकल्पा’तील कथा

खरतरगच्छाच्या परंपरेतील आचार्य जिनप्रभसूरी हे चौदाव्या शतकात होऊन गेले. दिल्लीच्या महंमद तुघलकाच्या दरबारी त्यांना मोठा मान होता. त्यांनी दक्षिणेत देवगिरीला वास्तव्य केले आणि प्रतिष्ठानची यात्राही केली. भारतातील जैन तीर्थांचे वर्णन करणारा त्यांचा ‘विविधतीर्थकल्प’ हा ग्रंथ विक्रम संवत १३८९ मध्ये, म्हणजे इ. स. १३३२-३३ च्या सुमारास पूर्ण झाला. प्रतिष्ठान हे वीसावे तीर्थंकर श्री मुनिसुव्रतस्वामींचे तीर्थ म्हणून त्यांना विशेष महत्त्वाचे वाटले, आणि त्या निमित्ताने त्यांनी तेथील सातवाहन राजाची कथा लिहून ठेवली.

कथा अशी : परदेशातून आलेले दोन ब्राह्मण बंधू आपल्या विधवा बहिणीसह प्रतिष्ठानमध्ये एका कुंभाराच्या घरी आश्रयाला राहिले होते. बहीण गोदावरीवर पाणी आणण्यास जात असे. तेथे नागराज शेषाची दृष्टी तिच्यावर पडली आणि त्याच्यापासून तिला पुत्र झाला. भाऊ लज्जेने गाव सोडून गेले. मुलगा कुंभारवाड्यातच वाढला. सवंगड्यांबरोबर खेळताना तो स्वतः राजा होई आणि इतरांना खेळण्यातले हत्ती, घोडे, रथ अशी वाहने देई. अशी वाहने देणारा म्हणून तो ‘सातवाहन’, अशी त्याच्या नावाची व्युत्पत्ती ग्रंथात सांगितली आहे. ती भाषाशास्त्राच्या कसोटीला उतरो वा न उतरो, एका राजवंशाचे नाव पोराच्या खेळण्यांवरून लावावे असे त्या काळच्या लोकांना वाटले, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

त्याच कथेत या मुलाने केलेला एक निवाडाही आहे. एका वृद्ध गृहस्थाने मरताना चार मुलांसाठी चार घट ठेवले होते. एकात सोने, दुसऱ्यात काळी माती, तिसऱ्यात भुसा आणि चौथ्यात हाडे होती. मुलांचे भांडण उज्जयिनीच्या दरबारातही सुटले नाही. कुंभारवाड्यातील या मुलाने मात्र ते क्षणात सोडवले : सोने मिळाले त्याचे धन, भुसा मिळाला त्याचे धान्य, हाडे मिळाली त्याची गुरेढोरे आणि माती मिळाली त्याची शेतजमीन. मातीने भरलेला घट रिकामा नसतो, हे जो मातीत वाढला त्यालाच कळले.

पुढे उज्जयिनीचा राजा विक्रमादित्य या मुलावर चालून आला. तेव्हा नागराजाने दिलेले अमृत मुलाने आपल्या मातीच्या हत्ती-घोड्यांवर आणि शिपायांवर शिंपडले. ते सजीव झाले आणि त्यांनी शत्रूसैन्याचा पाडाव केला. मुलगा प्रतिष्ठानच्या गादीवर बसला.

कथा आणि इतिहास

इतिहासाच्या काटेकोर दृष्टीने ही लढाई घडणे शक्य नाही. विक्रम संवताचा आरंभ इ. स. पूर्व ५७ मध्ये आणि शालिवाहन शकाचा आरंभ इ. स. ७८ मध्ये होतो. दोहोंत १३५ वर्षांचे अंतर आहे. शके या कालगणनेचा आरंभ मुळात सातवाहनांनी केला असेही बहुतेक अभ्यासक मानत नाहीत. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने क्षहरात क्षत्रप नहपानाचा पराभव केला, हे मात्र निश्चित आहे. नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये सापडलेल्या सुमारे १३,००० चांदीच्या नाण्यांपैकी बहुसंख्य नाण्यांवर नहपानाच्या छापावर गौतमीपुत्राने आपला छाप उठवलेला दिसतो. परकीय सत्तेवरील या विजयाची आठवण लोकमानसाने मातीच्या सैन्याच्या रूपाने जपली असावी. मातीचे शिपाई म्हणजे या भूमीतील शेतकरी-कष्टकरी माणसे, आणि अमृत म्हणजे त्यांच्यात जागवलेला स्वाभिमान, असाही अर्थ काही जण लावतात.

आपल्या व्यापारी कुटुंबांत दिवाळीला वहीपूजन होते ते विक्रम संवताप्रमाणे, आणि पाडव्याला घरात जे पंचांग येते ते शालिवाहन शकाचे. कथेत एकमेकांशी लढलेले दोन्ही राजे आपल्या घरांत शतकानुशतके सलोख्याने नांदत आहेत.

मातीने दिलेला पुरावा

कथेतील लढाई काल्पनिक असली तरी मातीचे हत्ती-घोडे काल्पनिक नाहीत. पैठण, तेर, नेवासे आणि कोल्हापूरची ब्रह्मपुरी या सातवाहनकालीन स्थळी अशा मृण्मूर्ती मोठ्या संख्येने मिळाल्या आहेत. त्यांत हत्ती आहेत, घोडे आहेत, स्वार आहेत, आभूषणांनी नटलेल्या स्त्रिया आहेत, मातृदेवता आहेत. तेर येथील रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर वेचून जमवलेल्या वस्तूंचे संग्रहालय आज शासनाच्या ताब्यात आहे. त्यातील मृण्मूर्ती पाहिल्या म्हणजे शालिवाहनाच्या कथेतील कुंभारवाडा डोळ्यांसमोर उभा राहतो.

या मूर्तींची घडण समजून घेण्यासारखी आहे. त्यांतील उत्तम मूर्ती केओलिन या पांढऱ्या, अतिशय मऊ मातीच्या आहेत. त्या दोन साच्यांतून काढीत. पुढचा भाग एका साच्यात, मागचा दुसऱ्यात. साच्यात मातीचा पातळ थर दाबून बसवायचा, दोन्ही अर्धे बाहेर काढून ओल्या मातीने सांधायचे, सांधा पुसून टाकायचा, मग मूर्ती वाळवून भाजायची. आतून पोकळ राहिल्यामुळे मूर्ती हलकी होई आणि भट्टीत तडकत नसे. केसांची ठेवण आणि दागिन्यांची नक्षी इतकी बारीक आहे की, हे काम हस्तिदंताचे असावे असा भास होतो.

महाराष्ट्रातील मृण्मूर्तींचा इतिहास सातवाहनांच्याही कितीतरी मागे जातो. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तेथे इ. स. पूर्व सुमारे १३०० मधील एका घरात झाकण असलेली मातीची लहानशी पेटी मिळाली. पेटीसोबत शिर नसलेली एक स्त्रीमूर्ती आणि एक बैल होता. दोन्हींना भोके असून काडीच्या आधाराने देवी बैलावर बसवता येत होती. या वस्तू भाजलेल्या नाहीत, कच्च्या मातीच्या आहेत. म्हणजे तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीही आपल्या भूमीत कच्च्या मातीची देवता घडवून पुजली जात होती.

नाणेघाटातील पाऊलखुणा

सातवाहन राजघराण्याने स्वतःच्या प्रतिमा मात्र दगडात कोरवून घेतल्या होत्या. नाणेघाटाच्या माथ्याशी असलेल्या लेण्यात राणी नागनिकेचा प्रसिद्ध ब्राह्मी शिलालेख आहे. त्याच लेण्याच्या मागील भिंतीवर राजकुटुंबातील व्यक्तींच्या मूर्तींची रांग होती. वर त्यांची नावे कोरलेली आहेत : राजा सिमुक सातवाहन, देवी नागनिका आणि राजा श्रीसातकर्णी, कुमार भाय, महारठी त्रणकयिर, कुमार हकुसिरी, कुमार सातवाहन. नावे आजही वाचता येतात. मूर्ती मात्र नष्ट झाल्या असून पायांच्या अस्पष्ट खुणा तेवढ्या उरल्या आहेत.

मुरबाडहून नाणेघाटात सहलीला जाणाऱ्या आपल्या तरुण मंडळींनी या भिंतीसमोर क्षणभर थांबावे. राजाने कठीण पाषाणात कोरवलेली स्वतःची प्रतिमा काळाच्या ओघात गेली; कुंभारवाड्यातील पोराने खेळता खेळता केलेले मातीचे सैन्य मात्र दर पाडव्याला पुन्हा उभे राहते. दगडाला एकदाच कोरतात आणि मग त्याची राखण करावी लागते. माती दर पिढीला नव्याने मळावी लागते. म्हणूनच तिच्यातली कथा हातातून हातात जाते.

जैन परंपरेतील मातीचे स्थान

जैन कथासाहित्यात मातीला मानाचे स्थान आहे. आचार्य हेमचंद्रांच्या ‘त्रिषष्टिशलाकापुरुषचरित्रा’त असे वर्णन येते की, कल्पवृक्षांचा काळ सरला, अग्नी प्रकटला, पण अन्न कसे शिजवावे हे लोकांना कळेना, त्यांनी धान्य थेट अग्नीत टाकले आणि ते जळून गेले. तेव्हा हत्तीवर बसलेल्या भगवान ऋषभदेवांनी ओल्या मातीचा गोळा मागवला, तो हत्तीच्या गंडस्थळावर ठेवून हाताने थापला आणि पहिले भांडे घडवले. सर्व शिल्पांत कुंभाराचे शिल्प पहिले, ते असे. मानवी हाताने घडवलेल्या पहिल्या वस्तूला आकार मिळाला तो एका प्राण्याच्या मस्तकावरून, ही कल्पना कोणाही मूर्तिकाराला विचार करावयास लावील.

जिनप्रभसूरींच्या त्याच ‘विविधतीर्थकल्पा’त गिरनारची कथा आहे. तेथील श्री नेमिनाथ भगवंतांची मूळ प्रतिमा लेप्य, म्हणजे लेपाने घडवलेली होती. काश्मीरहून आलेल्या संघपतींनी भक्तिभराने तिला जलाभिषेक केला आणि प्रतिमा विरघळून गेली. शोकाकुल होऊन त्यांनी उपवास आरंभले. अखेरीस अंबिकादेवी प्रसन्न झाली आणि तिने रत्नमय प्रतिमा दिली. आपल्या मंदिरांत पाषाण आणि धातूच्या प्रतिमांना प्राधान्य का मिळाले, त्याचे एक कारण या कथेतून उमगते : जेथे नित्य प्रक्षाल आहे तेथे माती टिकत नाही. विसर्जनाच्या परंपरेत मात्र मातीचे हेच विरघळणे गुण ठरते. दोन्ही परंपरांनी मातीचा स्वभाव नेमका ओळखला आणि त्याला अनुसरून आपापला आचार ठरवला.

आणखी एक दुवा येथे नोंदवला पाहिजे. श्वेतांबर परंपरेनुसार आचार्य कालकसूरी प्रतिष्ठानला असताना संवत्सरीची भाद्रपद शुद्ध पंचमी आणि नगरातील इंद्रमहोत्सव एकाच दिवशी आले. सातवाहन राजाने विनंती केल्यावरून आचार्यांनी संवत्सरी चतुर्थीला केली. मूर्तिपूजक संघांत तेव्हापासून चतुर्थीची प्रथा पडली, असे मानले जाते. त्यामुळे पुष्कळ वर्षी असे घडते की, उपाश्रयात प्रतिक्रमण आणि ‘मिच्छामि दुक्कडम्’ चालू असते त्याच दिवशी शेजारच्या घरी पाटावर मातीचा गणपती बसलेला असतो.

वर्षभरातील मृण्मूर्ती

आपल्या परिसरातील सणांची रांग पाहिली तर पुराणकथा आणि माती यांचे नाते सहज ध्यानात येते. श्रावणात नागपंचमीला मातीचा नाग येतो. भाद्रपदात हरतालिकेला पार्वती आणि तिची सखी यांच्या चिमुकल्या मूर्ती कुंभाराकडून आणतात. पित्याने ठरवलेला विवाह टाळण्यासाठी सखीने पार्वतीला अरण्यात नेले, ही कथा त्या दोन बाहुल्यांच्या साक्षीने वाचली जाते. दुसऱ्याच दिवशी गणपती येतो. देशावर बेंदराला आणि पोळ्याला मातीचे बैल पुजतात. विदर्भात भुलाबाईच्या आणि खानदेशात गुलाबाईच्या रूपाने शंकर-पार्वतीची मातीची जोडी मुलींच्या गाण्यांत महिनाभर रमते.

दिवाळीत मुले अंगणात मातीचा किल्ला करतात. त्यावर अळीव आणि मोहरी पेरून रान उगवतात आणि बाजारातून मातीची ‘चित्रे’ आणून मांडतात. सिंहासनावरचे शिवाजी महाराज, भालदार, मावळे, तोफ, डोक्यावर घागर घेतलेली गवळण, गुहेतला वाघ असा सारा संसार त्यावर उभा राहतो. शहापूरच्या मुलाला किल्ल्याचा नमुना शोधायला दूर जावे लागत नाही. ज्या माहुलीवर १६३६ मध्ये शहाजीराजांनी निजामशाहीचा अखेरचा लढा दिला, तो गड त्याच्या गावातूनच दिसतो. मुरबाडच्या मुलासमोर सिद्धगड आणि गोरखगड उभे असतात. कुंभारवाड्यात मातीचे सैन्य मांडून खेळणारा शालिवाहन आणि अंगणात मावळे मांडणारा आजचा मुलगा यांत दोन हजार वर्षांचे अंतर असले तरी खेळ एकच आहे.

गणेशमूर्तीच्या कारखान्यात हा वारसा सर्वाधिक जोमाने टिकला. १८९३ मध्ये लोकमान्य टिळकांनी गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप देण्यास आरंभ केल्यावर मूर्तींची मागणी वाढत गेली. रायगड जिल्ह्यातील पेण आणि त्याच्याजवळची हमरापूर, जोहे ही गावे या कामाची मोठी केंद्रे बनली. शाडू माती बहुतांशी गुजरातेतून येते, हात कोकणातला असतो. माती भिजवून मळायची, दोन अर्ध्या साच्यांत दाबून बसवायची, अर्धे सांधून आतून पोकळ ठेवायचे, मूर्ती सावलीत वाळवायची, मग रंग आणि सर्वांत शेवटी डोळ्यांची आखणी. तेरच्या मूर्तीची कृती वर दिली आहे, ती वाचकांनी ताडून पाहावी. भट्टी वगळली तर फारसा फरक आढळणार नाही. आखणीचे काम कारखान्यातील मुरलेल्या हाताकडेच असते, कारण डोळे उघडले की मातीचा देव होतो. अमृत शिंपडण्याची कथा याहून वेगळे काय सांगते?

मातीतून घडलेले शिल्पकार

आधुनिक महाराष्ट्राचे काही थोर शिल्पकार याच मातीतून वर आले. अलिबागजवळच्या सासवणे येथील विनायक पांडुरंग करमरकर (१८९१-१९६७) यांचा हात लहानपणी गावातील गणपतींच्या मातीत तयार झाला. जिल्हाधिकारी ऑटो रॉथफिल्ड यांनी त्यांचे गुण ओळखून त्यांना मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात पाठवले. पुण्यातील अश्वारूढ शिवछत्रपतींचा पुतळा ही त्यांची कीर्तिशाली कृती होय. रघुनाथ कृष्ण फडके (१८८४-१९७२) हे मूळचे वसईचे, म्हणजे तेव्हाच्या आपल्या ठाणे जिल्ह्यातले. सदाशिव साठे (१९२६-२०२१) यांचे बालपण कल्याणला गेले. मुंबईत गेटवे ऑफ इंडियासमोर १९६१ मध्ये उभा राहिलेला शिवरायांचा अश्वारूढ पुतळा त्यांचाच. असा कांस्याचा पुतळाही प्रथम मातीतच घडतो. शिल्पकाराचा अंगठा फिरतो तो मातीवर. धातू नंतर त्या आकाराची नक्कल करतो.

आजचा प्रश्न

गेल्या काही दशकांत प्लास्टर ऑफ पॅरिसने मातीची जागा मोठ्या प्रमाणावर घेतली. प्लास्टर काही मिनिटांत घट्ट होते, हलके असते, तडकत नाही आणि स्वस्त पडते. शाडूची मूर्ती वाळायला दिवसच्या दिवस लागतात, आणि पावसाळी हवेत ते काम अधिकच कठीण असते. म्हणून कारागिराला दोष देणे योग्य नाही. त्याचे पोट हंगामावर चालते. परंतु प्लास्टर पाण्यात विरघळत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१० मध्ये मूर्तिविसर्जनाविषयी मार्गदर्शक तत्त्वे दिली आणि २०२० मध्ये त्यांत सुधारणा करून प्लास्टरच्या मूर्तींना मनाई केली. २०२५ मध्ये हा विषय मुंबई उच्च न्यायालयासमोर पुन्हा आला. जून महिन्यात न्यायालयाने मूर्ती घडवण्यास मोकळीक दिली, तरी नैसर्गिक जलाशयांत विसर्जनाचे बंधन सैल केले नाही, आणि पुढे जुलैत मोठ्या मूर्तींपुरती सवलत दिली.

पाण्याच्या थेंबातही जीव मानणाऱ्या समाजाला हा प्रश्न परका नाही. शहापूर तालुक्यात १८९२ मध्ये बांधून पूर्ण झालेला तानसा आहे, भातसा आहे. महानगरांची तहान भागवणारे पाणी आपल्या उशाशी साठते. त्यात काय जावे आणि काय जाऊ नये, याचा विचार येथील प्रत्येक समाजाने करावयाचा आहे.

पण त्याहून खोल हानी हाताची आहे. प्लास्टरची मूर्ती साच्यातून निघते तशीच राहते. माती मात्र ओली असेपर्यंत बदलता येते. बोटाच्या दाबाने मान कलते, ओठावर हसू येते. ही बोटांची विद्या पुस्तकात लिहून ठेवता येत नाही. एका पिढीने मूर्ती घडवणे सोडले की पुढच्या पिढीला ती संग्रहालयातील काचेमागूनच पाहावी लागते.

यासाठी फार मोठ्या योजनेची आवश्यकता नाही. आपल्या पाठशाळेतील मुलांना सुट्टीत एक दिवस गावातील कुंभाराकडे न्यावे. ऋषभदेवांचा हत्ती, शालिवाहनाचे घोडे, सोने-माती-भुसा-हाडांचे चार घट त्यांच्या हातून घडवून घ्यावेत आणि ते घडत असताना कथा सांगावी. दिवाळीच्या किल्ल्यासाठी प्लास्टिकच्या शिपायांऐवजी मातीची चित्रे विकत घ्यावीत आणि त्यांची रास्त किंमत द्यावी. उन्हाळ्यात नाणेघाटाची सहल काढावी आणि त्या रिकाम्या भिंतीवरील नावे मुलांकडून वाचून घ्यावीत.

संस्थेची पन्नास वर्षे पूर्ण होत असताना आपण दगडी पायऱ्या मोजतो, ते योग्यच आहे. पुढच्या पन्नास वर्षांत आपली मुले कोणत्या कथा सांगतील, हे मात्र त्यांच्या हातांना आज कशाचा स्पर्श होतो यावर ठरणार आहे. त्या हातांना माती मिळावी, एवढीच या शुभप्रसंगी प्रार्थना.